तो कुठे आहे, एवढं तरी सांगा!

भरतीची तयारी करणारा एक तरी मित्र तुमच्या वर्गात असेलच. पहाटे बऱ्हाणपूर रोडला पळणारा, सोळाशे मीटरचा टाइम मोबाइलवर लावणारा, घरी आल्यावर भिजवलेले चणे आणि दोन केळी खाऊन अग्निवीरच्या पेपरचे प्रश्न सोडवणारा. उंची किती लागते, छाती किती फुगवावी लागते, मेडिकलला कोण कशावरून बाद होतं, हे सगळं त्याला पाठ असतं. त्याला एकदा एक प्रश्न विचारून बघा. "सीमेपलीकडे पकडला गेलास, तर तुझे हक्क काय?" बहुतेक तो हसेल. "तेव्हाचं तेव्हा बघू," म्हणेल.

पण हा प्रश्न खान्देशात एका घराने खरोखर जगून पाहिला आहे. फार जुनी गोष्ट नाही.

बोरविहीरचा चंदू

चाळीसगाव-धुळे रेल्वेमार्गावर बोरविहीर नावाचं गाव आहे. तिथला चंदू चव्हाण हा बावीस वर्षांचा जवान ३७ राष्ट्रीय रायफल्समध्ये होता. लहानपणीच आई-वडील गेलेले, आजी-आजोबांनी वाढवलेला. मोठा भाऊही सैन्यात. २९ सप्टेंबर २०१६ रोजी, म्हणजे आपल्या लष्कराने सर्जिकल स्ट्राइक जाहीर केला त्याच दिवशी, चंदू काश्मीरमध्ये नियंत्रण रेषेपलीकडे गेला आणि पाकिस्तानी सैन्याच्या ताब्यात सापडला. स्ट्राइकशी त्याचा काही संबंध नव्हता, तो चुकून पलीकडे गेला, असं आपल्या लष्कराने लगेच स्पष्ट केलं. पण वातावरण केवढं तापलेलं होतं ते आठवा. बातमी ऐकून त्याच्या आजीला धक्का बसला आणि ती गेली.

त्यानंतरचे दिवस मोजा. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर. तो कुठे आहे, कोणाच्या ताब्यात आहे, जिवंत आहे का, याचं पक्कं उत्तर घरच्यांकडे नव्हतं. धुळ्याचे खासदार डॉ. सुभाष भामरे तेव्हा संरक्षण राज्यमंत्री होते. दोन्ही बाजूंचे लष्करी अधिकारी हॉटलाइनवर बोलत होते. तरी चंदू वाघा सीमेवरून परत आला तो २१ जानेवारी २०१७ रोजी. मध्ये ११४ दिवस गेले.

सोडताना पाकिस्तानने सांगितलं की वरिष्ठांवर नाराज होऊन तो स्वतःहून आला होता आणि आम्ही माणुसकीच्या भावनेतून त्याला सोडतोय. चंदूने परत आल्यावर वेगळंच सांगितलं. अंधाऱ्या खोलीत ठेवलं, मारहाण केली, गुंगीची इंजेक्शनं दिली. पुढे ऑक्टोबर २०१७ मध्ये, न सांगता तळ सोडल्याबद्दल आपल्याच लष्करी न्यायालयाने त्याला दोषी ठरवलं.

इथे बरेच जण म्हणतात, "मग चूक त्याचीच होती ना!" थांबा. हे दोन वेगळे प्रश्न आहेत. त्याने तळ का सोडला, हा त्याच्या आणि आपल्या लष्कराच्या शिस्तीचा प्रश्न. पकडल्यावर त्याला कुठे ठेवलं, मारलं का, घरी का कळवलं नाही, हा पकडणाऱ्याच्या जबाबदारीचा प्रश्न. पहिल्याचं उत्तर काहीही असो, दुसरा प्रश्न मिटत नाही.

कागदावर काय लिहिलंय?

दुसऱ्या महायुद्धानंतर, १२ ऑगस्ट १९४९ रोजी, जगातल्या देशांनी जिनिव्हात चार करार केले. त्यातला तिसरा करार फक्त युद्धकैद्यांबद्दल आहे. भारत आणि पाकिस्तान या दोघांनाही तो बंधनकारक आहे. आपल्याकडे त्यासाठी १९६० चा स्वतंत्र कायदाही आहे. आणि हो, "युद्ध जाहीर झालंच नव्हतं" ही सबब चालत नाही. दोन देशांत सशस्त्र संघर्ष झाला की करार लागू होतो, असं त्यातच लिहिलंय.

त्यातल्या काही गोष्टी वाचल्या तर तुम्हाला आश्चर्य वाटेल, इतक्या त्या बारीक आहेत.

पकडलेल्या सैनिकाने फक्त चार गोष्टी सांगायच्या: नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि क्रमांक. जास्त काही काढून घेण्यासाठी छळ करता येत नाही. छावणीत पोचल्यापासून आठवड्याच्या आत त्याला घरी एक कार्ड पाठवू द्यायचं, की मी पकडला गेलोय, माझी तब्येत अशी आहे, माझा पत्ता हा. त्याची एक प्रत जिनिव्हातल्या केंद्रीय नोंदणी कार्यालयाकडे जाते. पुढे महिन्याला किमान दोन पत्रं आणि चार कार्डं. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीच्या माणसांना छावणीत जाता आलं पाहिजे आणि कैद्याशी एकट्याने, पहारेकरी जवळ नसताना बोलता आलं पाहिजे.

सगळ्यात महत्त्वाचं कलम २३ वं. छावण्या कुठे आहेत हे शत्रूदेशाला कळवायचं. शक्य असेल तिथे छावणीवर अशा मोठ्या खुणा करायच्या की वरून विमानातून दिसल्या पाहिजेत. म्हणजे कराराच्या नजरेत चांगली छावणी म्हणजे सगळ्यांना माहीत असलेली छावणी. गुप्त जागेला त्यात स्थानच नाही.

असं का? कारण साधं आहे. ज्या खोलीचा पत्ता कोणालाच माहीत नाही, त्या खोलीत काय झालं हे विचारायला कोण जाणार?

पारुळकर परत आले, तांबे नाही आले

हा फरक किती मोठा असतो ते बघायचं तर १९७१ च्या युद्धात जाऊ. दोन मराठी नावं, दोघेही हवाई दलाचे फ्लाइट लेफ्टनंट, दोघांचीही विमानं एकाच आठवड्यात पश्चिम पाकिस्तानात पाडली गेली.

पहिले दिलीप पारुळकर. १० डिसेंबर १९७१ रोजी पकडले गेले आणि रावळपिंडीच्या छावणीत पोचले. ही छावणी नोंदलेली होती. रेडक्रॉसचे लोक तिथे येत होते, पत्रं-पार्सलं मिळत होती, करारातल्या नियमाप्रमाणे थोडा पगारही मिळत होता. पारुळकरांच्या डोक्यात मात्र पहिल्यापासून एकच होतं, पळायचं! मलविंदरसिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी या दोन साथीदारांसह त्यांनी कोठडीची भिंत आतून हळूहळू पोखरली आणि ऑगस्ट १९७२ मधल्या एका वादळी रात्री तिघे बाहेर पडले. बसने पेशावर, तिथून पुढे लंडी कोतल. अफगाणिस्तानची सीमा अगदी हाकेच्या अंतरावर. तिथे त्यांनी लंडी खाना स्टेशनला कसं जायचं, असं विचारलं. घोळ असा की ते स्टेशन १९३२ मध्येच बंद पडलं होतं, नकाशावर मात्र होतं. लोकांना संशय आला आणि तिघे पकडले गेले.

आता बघा. सरहद्दीवरचा आदिवासी मुलूख, तीन अनोळखी माणसं. तिथल्या तिथे काहीही होऊ शकलं असतं. पारुळकरांनी छावणीचे आधीचे प्रमुख असलेल्या पाकिस्तानी अधिकाऱ्याशी, उस्मान हमीद यांच्याशी, फोनवर संपर्क साधला. त्यांनी ओळख पटवली आणि तिघांचा जीव वाचला. शिक्षा काय झाली? तीस दिवस एकांत कोठडी. पळून जायचा प्रयत्न फसला तर कैद्याला फक्त शिस्तभंगाची शिक्षा करता येते, ती जास्तीत जास्त तीस दिवस, असं करारात लिहिलंय. नियम पाळला गेला. १ डिसेंबर १९७२ रोजी ते भारतात परतले. नाव यादीत होतं, म्हणून पळून जाऊनही माणूस घरी आला.

दुसरे विजय वसंत तांबे. ५ डिसेंबर १९७१ रोजी शोरकोटच्या विमानतळावर हल्ला करताना त्यांचं सुखोई विमान पाडलं गेलं. लग्नाला जेमतेम दीड वर्ष झालं होतं. पत्नी दमयंती तांबे बॅडमिंटनमधल्या राष्ट्रीय विजेत्या, १९७० च्या अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. त्या डिसेंबरातच एका पाकिस्तानी दैनिकाने भारतीय वैमानिक जिवंत पकडल्याची बातमी छापली. त्यात 'टॉम्बे' असं एक नाव होतं, ते विजय यांचंच, असं कुटुंबाने तेव्हापासून सांगितलं. पण युद्धकैद्यांच्या अधिकृत यादीत तांबे हे नाव कधी आलंच नाही. १९७२ मध्ये कैदी परत आले, त्यात ते नव्हते.

असे ते एकटे नाहीत. मेजर अशोक सुरी यांच्या वडिलांना तर युद्ध संपून तीन-चार वर्षं झाल्यावर कराचीहून मुलाच्या अक्षरातली चिठ्ठी आली होती. बेपत्ता असलेल्या या सैनिकांना देश 'मिसिंग ५४' म्हणून ओळखतो. २०१९ मध्ये सरकारने संसदेत जो आकडा दिला तो, नंतरच्या काळातले बेपत्ता धरून, ८३ होता. पाकिस्तानचं उत्तर कायम एकच राहिलं: आमच्याकडे असं कोणी नाही. १९८३ आणि २००७ मध्ये नातेवाइकांना पाकिस्तानातल्या तुरुंगांत जाऊन शोधू दिलं गेलं. दमयंतीताईही गेल्या. कोणी सापडलं नाही.

माणूस शहीद झाला तर घरात फोटोला हार लागतो, गावात स्मारक होतं, रडून झाल्यावर घर पुन्हा उभं राहतं. माणूस बेपत्ता झाला तर यातलं काहीच करता येत नाही. कुंकू ठेवायचं की पुसायचं, वर्षश्राद्ध घालायचं की नाही, पेन्शनच्या फॉर्मवर काय लिहायचं? पन्नास वर्षं ही घरं या प्रश्नांसमोर थांबली आहेत.

"मराठीत बोलू नका"

युद्धकैद्याची गोष्ट झाली. पण समोरच्या देशाने 'हा सैनिक नाही, हेर आहे' असं म्हटलं तर? मग युद्धकैद्याचा दर्जा मिळत नाही. तरी माणसाचा माणूसपणा संपत नाही. परदेशात अटक झालेल्या कोणालाही आपल्या देशाच्या वकिलातीला भेटता आलं पाहिजे, असं १९६३ चा व्हिएन्ना करार सांगतो.

कुलभूषण जाधव यांचं प्रकरण तुम्ही बातम्यांत ऐकलं असेल. नौदलाचे माजी अधिकारी, घर मुंबईत. मार्च २०१६ मध्ये पाकिस्तानने त्यांना बलुचिस्तानात पकडल्याचं जाहीर केलं. भारताचं म्हणणं, त्यांना इराणमधून पळवून नेलं. भारताने वकिलातीच्या भेटीसाठी पुन्हा पुन्हा विनंती केली, ती नाकारली गेली. बंद दाराआड लष्करी न्यायालयात खटला चालला आणि १० एप्रिल २०१७ रोजी फाशी जाहीर झाली.

२५ डिसेंबर २०१७ रोजी त्यांची आई आणि पत्नी इस्लामाबादला भेटायला गेल्या. मध्ये काच. बोलणं इंटरकॉमवरून. आत जाण्याआधी मंगळसूत्र, बांगड्या, टिकली काढायला लावली. आणि आई मुलाशी मराठीत बोलायला लागली की तिला पुन्हा पुन्हा अडवलं गेलं. आपल्या परराष्ट्र खात्याने हे अधिकृत निवेदनात सांगितलं आहे. दोन वर्षांनी मुलगा समोर दिसतोय आणि आईने त्याच्याशी कुठल्या भाषेत बोलायचं हे पहारेकरी ठरवतोय.

१७ जुलै २०१९ रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १५ विरुद्ध १ मतांनी सांगितलं की पाकिस्तानने व्हिएन्ना करार मोडला आहे आणि शिक्षेचा फेरविचार झाला पाहिजे. भारतातर्फे हरीश साळवे यांनी एक रुपया फी घेऊन बाजू मांडली होती. सप्टेंबर २०१९ मध्ये पहिल्यांदा भारतीय अधिकारी जाधवांना भेटू शकले. सुटका झालेली नाही, पण फाशी थांबली. निव्वळ एका कराराच्या कागदावर एवढं झालं.

आता आपल्या अंगणात

इथपर्यंत वाचून 'ते तसेच' असं वाटलं असेल, तर जरा फैजपूरला चला. सावद्याच्या पुढे, रोजच्या बसच्या रस्त्यावरचं गाव. डिसेंबर १९३६ मध्ये तिथे काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं हे पहिलं अधिवेशन. खिरोद्याच्या धनाजी नाना चौधरींसारख्या माणसांनी राबून ते उभं केलं. अध्यक्ष होते जवाहरलाल नेहरू.

सहाच वर्षांनी, ९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे, 'चले जाव'चा ठराव झाल्यावर मुंबईत नेहरूंसह सगळे नेते उचलले गेले. महायुद्ध चालू होतं. युद्धकाळातल्या नियमांखाली अटक, आरोपपत्र नाही, खटला नाही. खास रेल्वेगाडीने नेहरू आणि त्यांच्या अनेक सहकाऱ्यांना नेलं आणि अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) भुईकोट किल्ल्यात ठेवलं. हा किल्ला लष्कराच्या ताब्यातला. त्यांना कुठे ठेवलंय हे सरकारने सुरुवातीला जाहीर केलं नाही. पत्रं बंद, वर्तमानपत्रं बंद, भेटी बंद. फैजपूरला ज्यांना लोकांनी डोळे भरून पाहिलं होतं, ते कुठे आहेत हे त्याच लोकांना माहीत नव्हतं. मौलाना आझाद किल्ल्यात असतानाच, एप्रिल १९४३ मध्ये, कलकत्त्यात त्यांच्या पत्नीचं निधन झालं. शेवटची भेट झाली नाही.

हे इंग्रजांनी केलं. पण स्वतंत्र झाल्यावर आपण? १९६२ च्या चीन युद्धानंतर आसाम-बंगालमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या लोकांना रेल्वेत बसवून राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत नेलं. त्यात शाळकरी पोरं होती, म्हातारी माणसं होती. खटला कोणावरच नाही. काही जण १९६७ पर्यंत तिथे होते. युद्ध एक महिना चाललं, छावणी पाच वर्षं!

आणि जगाला लोकशाही शिकवणारी अमेरिका? ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर तिची गुप्तचर संस्था सीआयए वेगवेगळ्या देशांत गुप्त तुरुंग चालवत होती. २००६ मध्ये राष्ट्राध्यक्ष बुश यांनी ते कबूल केलं. २०१४ मध्ये त्यांच्याच सिनेटच्या समितीने अहवाल दिला: किमान ११९ माणसं अशी ठेवली होती, त्यातली किमान २६ चुकून. चुकून! ज्या जागेचा पत्ता नाही तिथे आपण चुकीचा माणूस धरलाय हे सांगायलाही कोणी नसतं.

म्हणजे ही सवय एका देशाची किंवा एका धर्माची नाही. युद्ध आलं की सत्तेला कुलूप आवडायला लागतं. म्हणून नियम आधी, शांततेत करून ठेवावे लागतात. बेपत्ता करण्याविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने २००७ मध्ये सही केली आहे आणि छळाविरुद्धच्या करारावर १९९७ मध्ये. पण दोन्ही करार आपण अजून मंजूर केलेले नाहीत, म्हणजे ते आपल्यावर बंधनकारक नाहीत. उद्या आपला जवान पकडला गेला आणि आपण त्यांच्याकडे बोट दाखवलं, तर समोरचा आधी हेच विचारणार.

मग आपण काय करायचं?

रावेरात बसून तुम्ही सीमा बदलू शकत नाही. पण काही गोष्टी तुमच्या हातात नक्की आहेत.

एक, तुमचा मोबाइल. फेब्रुवारी २०१९ मध्ये विंग कमांडर अभिनंदन पकडले गेले तेव्हा त्यांचे रक्ताळलेल्या चेहऱ्याचे, डोळ्यांवर पट्टीचे व्हिडिओ काही तासांत आपल्या ग्रुपवर आले. नंतर चहाच्या कपाचे मीम. युद्धकैद्याला लोकांच्या कुतूहलापुढे उभं करायचं नाही, असं कराराचं १३ वं कलम सांगतं. त्या व्हिडिओमुळे ते जिवंत आहेत हे जगाला कळलं आणि त्यांना नाकारणं अवघड झालं, हेही खरं. पण ते काम पहिल्याच बातमीने झालं होतं. पुढचं प्रत्येक फॉरवर्ड फक्त तमाशा होता. पकडलेला माणूस आपला असो की त्यांचा, त्याचा असा व्हिडिओ आला तर तो तुमच्याजवळ थांबू द्या.

दोन, याद्या. २००८ च्या करारानुसार भारत आणि पाकिस्तान दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला एकमेकांच्या ताब्यातल्या नागरिकांच्या आणि मच्छीमारांच्या याद्या देतात. आतल्या पानावर चार ओळींची बातमी येते. ती वाचा. त्या चार ओळींत कोणाचा तरी मुलगा 'जिवंत आहे' असं लिहिलेलं असतं.

तीन, तुमचा तो भरतीवाला मित्र. त्याला जिनिव्हा करारातल्या चार गोष्टी सांगा: नाव, हुद्दा, जन्मतारीख, क्रमांक. त्याच्या घरच्यांना सांगा की माणूस बेपत्ता झाला तर युनिटकडे, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे लेखी विचारता येतं आणि रेडक्रॉसमार्फत शोध घेता येतो. देव करो आणि ही माहिती कोणाला कधी लागू नये.

आणि चौथी गोष्ट सगळ्यात अवघड. पुढच्या वेळी वातावरण तापलं आणि ग्रुपवर कोणी लिहिलं, "पकडलेल्यांना कसले हक्क, गायब करा," तर एक ओळ लिहायची हिंमत करा. हा नियम शत्रूवर केलेला उपकार नाही. आपण त्यांच्या माणसाचं नाव यादीत लिहितो, तेव्हाच आपल्या माणसाचं नाव त्यांच्याकडे मागायला तोंड राहतं.